वाडग्यावरची खूण

३ फेब्रुवारी
आजपासून रडणं बंद. तसं ते मागेच बंद झालंय, आज फक्त लिहून ठेवते. आता अभ्यास.
विषय: बुडालेलं लढाऊ जहाज. लाकडी, तोफांचे दोन मजले. तीनशे वर्षांपूर्वी बंदराच्या तोंडाशी वळताना कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं, संपलं. ह्यांनी अख्खी नोकरी त्यावर बुड्या मारण्यात काढली. शेवटच्या बुडीत कुणा खलाशाचा जेवणाचा वाडगा वर आणला. तळाला चाकूने कोरलेली खूण आहे. मासा, शेपटीसकट, पोटात दोन रेघा. प्रयोगशाळेच्या टाक्या तुडुंब, म्हणून लहान वस्तू पाणबुड्यांनी आपापल्या घरी पाण्यात सांभाळायच्या असं तेव्हा ठरलं होतं. आमचा वाडगा बाथरूममध्ये, निळ्या टबात. हे ऑक्टोबरात गेले. वाडगा आहे.
संकल्प: ही खूण कुणाची ते मी शोधून काढणार. ह्यांना जमलं नाही, वेळ मिळाला नाही. मला वेळच वेळ आहे.

९ फेब्रुवारी, सकाळ
पाणी बदललं. वाडगा बुळबुळीत लागतो, म्हणून रोज पुसते. हे सांगायचे, पाणी बदल, झाकण ठेव, हात लावू नकोस. हात मी लावतच नाही. नॅपकिन लावते. ह्यांच्या आजारपणातला आहे, धुऊन धुऊन मऊसूत झालेला. चार महिने त्यानेच ह्यांचं अंग पुसलं. कधीकधी पुरे गं म्हणायचे, पण तो त्यांचा संकोच. पुसण्यातलं मला कळतं.

१७ फेब्रुवारी
थोरलीचा फोन. शेजारच्या काकूंनी चुगली केली की आई बाथरूममध्ये एकटीच बोलते. सांगितलं, बोलत नाही, मोठ्याने वाचते. लायब्ररीतून जहाजांवरची तीन पुस्तकं आणली आहेत. थोरली म्हणाली, बाबांना कधी वाचून दाखवलं नाहीस ते. म्हटलं, ते ऐकत कुठे होते?
नंतर वाटलं, उगाच म्हटलं. आज अभ्यास झाला नाही. सर्दी होती.

२३ फेब्रुवारी
पुस्तकवाले सगळा दोष कप्तानावर टाकतात. खिडक्या वेळेवर का लावल्या नाहीत, म्हणे. मला तसं वाटत नाही. वारा छान असेल, काठावर माणसं हात हलवत असतील, म्हटलं असेल लावू मागाहून. आमचंही तेच झालं. खोकला होता, डॉक्टरकडे जाऊ मागाहून.
हा मुद्दा कुठल्याच पुस्तकात नाही. लेख लिहावा.

२ मार्च
महत्त्वाचा शोध! तो मासा नाही. पान आहे. शेपटी दिसतच नाही. ह्यांची नजर शेवटी कमी झाली होती, त्यांना शेपटी भासली असणार. गेलेल्या माणसाची चूक काढू नये, पण शास्त्र ते शास्त्र.

६ मार्च
टाकीमास्तरांचा फोन. प्रयोगशाळेत लाकडं सांभाळणारे ते, हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. नवीन टाक्या आल्या, वाडगा आणून द्या वहिनी, मेणाच्या पाण्यात मुरवायचा आहे, म्हणजे वाळताना तडकणार नाही, बाकी सगळ्यांनी वस्तू परत केल्या. मी म्हटलं, ताप आहे. किती, म्हणाले. सांगितला. म्हणाले, एवढ्या तापात दवाखान्यात जा. थोडा कमी सांगायला हवा होता.

१५ मार्च
पोटात रेघ एकच आहे. दोन म्हणजे ह्यांची अतिशयोक्ती. बाजारातून आणलेली भाजीही दुप्पट सांगायचे.
टाकीमास्तरांचे दोन फोन. उचलले नाहीत. अभ्यासात व्यत्यय नको. लेखाचं पहिलं वाक्य तयार आहे. दुसरं उद्या.

२८ मार्च
निष्कर्ष जवळ आला. खलाशी अगदी साधा माणूस असावा, कारण खूण अगदी साधी आहे. बोटाने चाचपली तर लागते. लागते असं वाटतं. चष्म्याचा नंबर वाढला आहे, बाकी काही नाही.
टाकीमास्तर म्हणाले, मी स्वतः येतो न्यायला. ह्यांच्या घरातून ह्यांची वस्तू परक्याने उचलून न्यायची? मीच नेईन. जाताना खुणेबद्दल सगळं समजावून सांगेन. त्यांनाही मदत होईल.

४ एप्रिल, संध्याकाळ
नेला. टॅक्सीत बादली मांडीवर. ड्रायव्हर म्हणाला, ताई, मासा आहे का आत? म्हटलं, नाही हो, पान आहे. त्याने रेडिओ लावला.
टाकीमास्तरांनी खुर्ची दिली, ह्यांची आठवण काढली, मग वाडगा दिव्याखाली उपडा धरला. बराच वेळ धरला. मी सांगितलं, खूण बारीक आहे, चटकन दिसत नाही. त्यांनी कपाटातून फोटो काढून शेजारी ठेवला. वर आणला त्या दिवशीचा.
मासाच होता. शेपटीसकट. दोन्ही रेघा.
ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड वरून लोण्यासारखं असतं. पुसत होतात का? म्हटलं, रोज, ह्यांच्या नॅपकिनने. म्हणाले, वाडगा वाचेल. फोटोही आहेच. मी म्हटलं, ह्यांना बरोबर दिसत होतं तर. ते म्हणाले, त्याची नजर पक्की होती.
मग एकदम काही सुचल्यासारखं म्हणाले, नॅपकिन कुठे आहे? निघालेलं लाकूड त्यात अडकलं असेल, आपण बघू शकतो. पर्समध्येच होता. दिला. त्यांनी तो दिव्यासमोर धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला.
मी म्हटलं, रोज साबण लावून धुवायचे. दोनदा खळबळून.
म्हणाले, मग काही नसेल.
नीट घडी घालून परत दिला.