रविवारचा न काढलेला फोटो

फिलिमोनेदादा,

तू ऑस्ट्रेलियातल्या मळ्यावर अडकलास. इथे शनिवारच्या लग्नात बाबा मनसोक्त नाचले. मी काढलेले त्यांचे फोटो संगणकावर उतरवलेत अशा समजुतीने मी कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं.

रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांवर कॅमेरा रोखला, तर आई खेकसली, "रविवारी धंदा? टोंगातच जन्मलीस ना गं? इथे रविवारी काम करायला कायद्यानेच बंदी!" मी चरफडत कॅमेरा आत टाकला.

संध्याकाळी बाबा अचानक गेले.

सोमवारी बघते तर संगणक रिकामा! संगणकाच्या दुकानदाराने कार्डातून सगळं परत मिळवलं. म्हणाला, "पुसल्यावर एक जरी फोटो काढला असतास, तरी तो जुन्यांवर बसला असता, मग काही सांगता आलं नसतं."

आता तीन प्रती केल्यात. तुझी पाठवतेय, हे पत्र मात्र नाही. तिच्या खेकसण्यानेच फोटो वाचले हे तुझ्याकडून आईला कळलं तर जन्मभर ऐकवेल, आणि फोटोतले बाबा तर आधीच मला हसताहेत.

तुझी वेंधळी,
लेसिएली