तलावात सोडलेले तीन सकर मासे

मी, केसरबाई विठ्ठलराव तरटे, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पांगरखेल, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला साखरेचा आजार आहे, एका कानाने कमी ऐकू येते, पण बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो का जोडावा लागला हे पुढे येईलच. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र पुष्कळ आणले.

कलम १. शेतजमीन यजमानांच्या पश्चात चिरंजीव शहादेव याच्या नावे झालेली आहे. तिच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पोस्टातली ठेव शहादेव आणि कन्या मुक्ता यांनी निम्मी निम्मी घ्यावी. पाटल्या मुक्ताला. शिलाई मशीन शेजारच्या साखराबाईंच्या सुनेला द्यावे, ती सध्या हातानेच टाके घालते. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. शाळेने ती कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत.

कलम २. बैठकीतली तीन फुटी काचेची टाकी आणि तिच्यातला एक सकर मासा मी मुक्ताला देते. ती कडा गावी असते, तिथे नळाला पाणी येते. हा मासा काचेला तोंड चिकटवून शेवाळ खातो, म्हणून दुकानदार त्याला सकर म्हणतात. टाकी साफ करायला तो ठेवायचा आणि त्याच्याकडे बघायचे नाही, अशी लोकांची समजूत आहे. नगरच्या दुकानदाराने मलाही तेच सांगितले होते, आणि त्यामुळे माझे पहिले मासे दोन महिन्यांत पोट खपाटीला जाऊन मरायला टेकले होते. मुक्ता, काच लखलखीत दिसली की समज, तो उपाशी आहे. रोज संध्याकाळी काकडीची नाहीतर दोडक्याची फोड उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, चमच्याला अडकवून तळाशी ठेव. सकाळी उरलेली काढून टाक, नाहीतर पाणी नासते. टाकीतले लाकूड काढू नकोस, तो ते खरवडून खातो. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते, ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घाल. आठवड्याला एक बादली काढायची, एक घालायची. सगळे पाणी कधीही एकदम बदलू नकोस.

आणि हा मासा ओढ्यात, विहिरीत, तलावात, कोणत्याही उघड्या पाण्यात सोडायचा नाही. सांभाळणे जमेनासे झाले तर सांभाळणाऱ्याला दे. तसा कोणी मिळाला नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडून मारून घे. वाईट वाटेल. तरी सोडू नकोस.

कलम ३. हे असे का लिहिले, ते या कलमात आहे. पुढच्या कलमात सांगितल्याप्रमाणे हे कलम मत्स्य संस्थेच्या सभेत वाचायचे आहे, म्हणून सावकाश लिहिते.

मी २०१० साली निवृत्त झाले. आमच्या शाळा-केंद्रातल्या शिक्षकांनी निरोपाला ही टाकी दिली. तिच्यात मी तीन सकर आणले. वर सांगितल्याप्रमाणे चुकतमाकत शिकत मी ते वाढवले, ते वीतवीत झाले, मग हातभर झाले. त्यांतल्या एकाचा पाठीवरचा पर पंपाच्या जाळीत अडकून फाटला होता. यजमान त्याला तुटका म्हणत. मुलांपाशी कधी न बसलेला माणूस संध्याकाळी टाकीपाशी बसून विचारी, 'तुटक्याला दोडका घातला का?'

२०१६ च्या उन्हाळ्यात गावाला पाच दिवसांनी एक टँकर येई. एप्रिलमध्ये साखराबाई विरजण मागायला आल्या आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या. त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाई, आमी भांडी राखंनं घासतोय, अन् तुमचे मासे पवत्यात." टाकीत जेमतेम अर्धा बॅरल पाणी होते. पण त्यांचे म्हणणे खरे होते. मासे मारायला माझा हात धजेना. त्याच दिवशी ऊन कलल्यावर मी ते तिघे बादलीत घातले, वर ओले पोते टाकले आणि तलावावर गेले. तलावात भिंतीखालच्या खड्ड्यात तेवढे पाणी उरले होते. त्यात ते सोडले. मला पुण्य केल्यासारखे वाटले. घरी सांगितले तर यजमान म्हणाले, बरे केलेस. टाकीतले पाणी साखराबाईंच्या शेळ्यांनी प्यायले.

तो तलाव बारा भोई घरांच्या मत्स्य सहकारी संस्थेकडे होता. यजमान संस्थेचे चेअरमन होते. आमच्या घरात कोणी जाळे धरलेले नाही, पण आष्टीत कागद हलवायला वजन लागते आणि ते यजमानांकडे होते. म्हणून तलाव त्यांचा आणि खुर्ची आमची, असे वर्षानुवर्षे चालले होते. मुंजाजी धुळाजी काटवटे हे संस्थेचे सर्वांत जाणते सभासद. त्या सप्टेंबरात पाऊस झाला, तलाव भरला, आणि मुंजाजींनी सरकारी केंद्रातून रोहू-कटल्याचे बीज आणून पाण्यात सोडले. तेव्हा बाराही घरांतल्या बायका काठावर आल्या होत्या. यंदा ऊसतोडीला जावे लागणार नाही, असे त्या म्हणत होत्या.

पुढच्या वर्षी जाळ्यात काळे, काटेरी, पाठीला कौलासारखे खवले असलेले मासे येऊ लागले. ते बाजारात कोणी घेईना. त्यांच्या काट्यांनी जाळी फाटली. त्यांनी काठात बिळे केली. रोहू-कटला दिसेनासा झाला. दुसऱ्या वर्षी त्याहून वाईट झाले.

ऑगस्ट २०१८ मध्ये समाजमंदिरात वार्षिक सभा झाली. माझे अक्षर चांगले म्हणून संस्थेचे इतिवृत्त मी लिहीत असे, त्या दिवशीही मीच लिहीत होते. बियाणेच खराब आणले, असे लोक म्हणत होते. मुंजाजी एक पोते घेऊन आले आणि त्यांनी ते फरशीवर मोकळे केले. सात-आठ मासे होते, काही अजून तोंडे हलवत होते. मुंजाजी म्हणाले, "ह्ये बियाण्यातलं न्हाई. ह्ये कुनीतरी हातानं सोडलेलं हाय."

त्या ढिगात सर्वांत मोठा मासा तुटका होता. पाठीवरचा पर तिथेच फाटलेला. मी त्याला ओळखले. यजमानांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की त्यांनीही ओळखले आहे. मग ते मला म्हणाले, "लिहा. दूषित मत्स्यबीज आणून संस्थेचे नुकसान केल्याबद्दल मुंजाजी काटवटे यांचे सभासदत्व रद्द."

मी लिहिले. शुद्धलेखनाची एक चूक न करता लिहिले.

घरी आल्यावर मी म्हणाले की उद्या मी खरे सांगणार. यजमान जेवत होते. पंचायत समितीची निवडणूक डोक्यात होती त्यांच्या. ते म्हणाले, "बारा घरं आपल्या दारात येऊन बसतील. मुंजाचं काय, ऊस तोडून पोट भरंल तो." मी चाळीस वर्गांच्या मुलांना खरे बोला म्हणून सांगितले होते, आणि माझ्याच्याने एक वाक्य बोलवले नाही. पुढे यजमान वारले. त्यांचे दिवस मी रीतसर केले, पण मुंजाजींविषयीचे ते वाक्य मी त्यांना माफ केलेले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

मुंजाजी आणि त्यांच्या पत्नी रतनबाई त्याच दिवाळीला कोयते घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. २०१९ च्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा आटला. मी बघायला गेले. तळाच्या चिखलात शेकडो सकर होते. दुसरे सगळे मेले होते, हे श्वास घेत होते. त्यांतले बोटाएवढे एक पिल्लू मी ओल्या पदरात घालून आणले. का, ते मला नीट सांगता येत नाही. एकाला तरी त्याच्या जागी ठेवावे असे वाटले. कलम २ मधला मासा तो आहे.

तिसऱ्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना रतनबाई घसरल्या. कंबरेचे हाड मोडले. त्या अजून काठीने चालतात. मुंजाजी आता शिरूर कासारला असतात आणि दुसऱ्यांच्या तलावातले मासे आणून विकतात.

यजमान गेल्यानंतर वर्षभराने मी त्यांच्याकडे गेले आणि सगळे सांगितले. रतनबाईंनी पाणी दिले. मुंजाजी बराच वेळ तराजू पुसत बसले. मग म्हणाले, "बाई, मला तवाच ठाव व्हतं. चेअरमनसाहेबांकडं मासे द्यायला यायचो, तवा तुमच्या काचंत बघितलेला त्यो." मी विचारले, मग सभेत बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तलाव त्यांच्या सहीवर चालायचा. बारा घरं व्हती मागं. मी तुमच्याकडं बघितलं. वाटलं, बाई बोलतील. तुमी लिवत व्हत्या."

तुमच्यासाठी काय करू, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, सभेच्या वहीतले माझ्यावरचे तेवढे खोडून द्या.

शहादेव आता संस्थेचा चेअरमन आहे. मी त्याला सांगितले. वडिलांना तो दादा म्हणतो. म्हणाला, दादा गेले, आता त्यांच्या नावाला कशाला काळे फासायचे. म्हणून गेल्या वर्षीच्या सभेत मी स्वतः उभी राहिले. दोन वाक्ये झाली असतील. शहादेवने माझ्या हातातला माईक घेतला आणि आईची तब्येत बरी नसते, असे सभेला सांगितले. लोकांनी मला हाताला धरून घरी आणून सोडले. डॉक्टरांचा दाखला त्यासाठी आहे.

कलम ४. पांगरखेल येथील राहते घर मी माझ्या नोकरीच्या पैशातून बांधले असून ते माझ्या एकटीच्या नावे आहे. ते मी शहादेवला देते, पण पुढील अटीवर. माझ्या मृत्यूनंतर होणाऱ्या संस्थेच्या पहिल्या सभेत त्याने कलम ३ स्वतःच्या तोंडाने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावे, ऑगस्ट २०१८ चा ठराव रद्द करण्याचा ठराव मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. त्याने तसे केले नाही तर घर मुक्ताला जाईल. अट पाळली की नाही हे मुक्ताने ठरवू नये, तिचा लाभ त्यात आहे. ते या मृत्युपत्राचे एक साक्षीदार, बद्रीनाथ गुरुजी, यांनी ठरवावे.

शहादेव, तू वाईट मुलगा नाहीस. तुला वडिलांची अब्रू राखायची आहे. मला वाटते, तू हे उभ्याने वाचलेस तर ती थोडीफार राहील. तुझ्या आवाजात जड जाईल तिथे थांब, पाणी पी, आणि पुढे वाच.

कलम ५. या मृत्युपत्राच्या कच्च्या खर्ड्यात मी घराचा निम्मा भाग मुंजाजींना लिहिला होता. परवा ते माझ्या बोलावण्यावरून आले. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचा हिस्सा जातो. मुंजाजींनी खर्डा मागून घेतला आणि कलम ३ दोनदा वाचले. मी त्यांना पुन्हा विचारले, रतनबाईंच्या औषधपाण्याचा विचार करा म्हटले. त्यांनी फोनवर रतनबाईंना विचारले, ऐकून घेतले, आणि वकिलांना म्हणाले, "मंग आमाला घर नको. मला सही करू द्या."

म्हणून ते वाक्य मी खोडले.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझा आहे, आणि त्यातले काहीही मला मागे घ्यायचे नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण: आष्टी
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४

(सही) केसरबाई विठ्ठलराव तरटे

साक्षीदार:

१. (सही) बद्रीनाथ राधाकिशन वाळके, वय ६८, निवृत्त शिक्षक, राहणार पांगरखेल

२. (सही) मुंजाजी धुळाजी काटवटे, वय ५९, राहणार शिरूर कासार, मूळचे पांगरखेल. धंदा, त्यांनी सांगितला तसा लिहिला: मासेमारी, पांगरखेल तलाव.