पोल्ट्री शेडला घर ठरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. अधिकारीसाहेब,
बांधकाम परवानगी कक्ष, सिल्वासा.

विषय: सामरवरणी येथील आमच्या पोल्ट्री शेडला राहते घर म्हणून मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ: १) घरासाठी माझा अर्ज, सन १९९०. २) तो नामंजूर केल्याचे आपले पत्र, एप्रिल १९९४.

महोदय,

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला असून येथील धाग्याच्या कंपनीत मशीनवर कामाला आहे. आईवडील, पत्नी रोहिणी, धाकटा भाऊ नीलेश व मुलगी सोनी यांच्यासाठी दोन खोल्या बांधण्याची परवानगी मी मागितली होती. आपल्या कक्षाने प्रथम रस्त्याच्या बाजूची खिडकी हटवण्यास सांगितले. ती दुसरीकडे नेली, तर शेजाऱ्याकडे उघडते अशी हरकत आली. खिडकीच रद्द केली, तर खोलीत हवा नाही म्हणून नकाशा परत आला.

दरम्यान भाड्याची खोली सोडावी लागणार होती. शेजारी रघुनाथ यांनी सुचवले की घराला वेळ लागतो, पोल्ट्री शेडला लागत नाही. मी पहिलाच नकाशा, वर नुसते "पोल्ट्री शेड" लिहून दिला. आठवड्यात परवानगी मिळाली. खिडकीबद्दल कोणी विचारले नाही. बांधकाम करून आम्ही राहायला गेलो.

गेल्या वर्षी कोंबड्या तपासणारे साहेब आले. घरी फक्त आई पुतळाबाई होती व तिला शेडचा प्रकार सांगितलेला नव्हता. एकूण किती, असे साहेबांनी विचारले. आई म्हणाली, "सहा. त्यातले दोन म्हातारे." साहेबांनी सल्ला दिला की म्हातारे ठेवून उपयोग नाही, नुसते खातात, दिवाळीच्या आत काढून टाका. आईने हे वडिलांच्या कानावर घातले. वडील श्री. झिपरू बोरसे यांनी तेव्हाच ट्रंक भरली व ते धुळ्याच्या गाडीत जाऊन बसले. मला कंडक्टरच्या हातापाया पडून त्यांना उतरवून आणावे लागले.

साहेबांनी मात्र जाताना आत डोकावून पक्षी आढळले नाहीत असा शेरा मारला. परवाना जाऊ नये म्हणून आम्ही आमलीच्या बाजारातून कोंबड्या आणल्या. शेड त्यांच्या नावाने असल्याने आतली खोली त्यांना दिली. आईवडील ओट्यावर झोपू लागले.

यंदा नीलेशचे लग्न किलवणीच्या सुधाकरभाऊंच्या मुलीशी, धनश्रीशी ठरले. भाऊंनी घराचा कागद पाहायला मागितला. मुलगी शिकलेली, तिनेच तो वाचला. वाचून ती नीलेशला म्हणाली, "घर लहान असलं तरी चालेल मला. पण कागदावर मी कोंबड्यांत राहणार नाही." घराची परवानगी येतेच आहे, असे नीलेशने तिला सांगितले. त्यानंतर आपले पत्र आले. जागेवर आधीच पोल्ट्री शेड असल्याने घर बांधता येणार नाही, असे त्यात लिहिले होते.

पत्रिका वाटून झाल्या होत्या, म्हणून लग्न मे महिन्यात पार पडले. दुसऱ्या दिवशी जेवायला पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त आले, रस्सा पुरेना, तेव्हा रोहिणीने आतल्या खोलीतल्या सर्व कोंबड्या कापायला काढल्या. सबब शेडमध्ये आज एकही पक्षी नाही, फक्त माणसे आहेत. सूनबाई माहेरी गेली ती परत आलेली नाही. कागद बदलल्यावर येईन, असा तिचा निरोप आहे. नीलेश पाळी संपली की सायकलने किलवणीला जातो व सासुरवाडीला जेवून परततो. आई रोज त्याचे ताट झाकून ठेवते.

तरी मंजूर कागदावरील "पोल्ट्री शेड" हे शब्द खोडून तेथे "घर" लिहावे व सही-शिक्का करून द्यावा, ही कळकळीची विनंती. भिंती, दारे सर्व जागच्या जागी आहेत. बांधकामात काहीच बदलायचे नाही.

आपल्या एका शब्दासाठी खोळंबलेला नम्र,
वाल्मिक झिपरू बोरसे
सामरवरणी, दि. ६ जून १९९४

सोबत:
१) पोल्ट्री शेडची परवानगी.
२) आपले नामंजुरीचे पत्र.
३) लग्नाचा फोटो. वधू हसत नाही, त्याचे कारण वर दिले आहे.