दोन ग्लास सरबत

प्रिय मयू,

मी ठणठणीत आहे, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तू बजावल्यापासून झाडावर चढत नाही. खाली उभा राहून वर चढलेल्या आपल्या गड्याच्या, लाहूच्या, चुका काढतो, आणि तो बिचारा ऐकून घेतो. ठीक नाही ती तुझी आई. बाबा उपाशीपोटी वाडीत गेलेच कसे, तुझं लक्ष कुठे असतं, असं तू तिला फोनवर बोललीस ना, तेव्हापासून ती माझ्यासाठी साधा चहासुद्धा करत नाही. चहा करायला शेजारच्या वर्षाला हाक मारते. जेवताना माझ्याकडे बघत बसते, स्वतःचं ताट तसंच.

त्या सकाळचं तुला अर्धंच सांगितलंय. चिकूची तोडणी चालू होती. मी मधुमेहाची गोळी घेतली आणि गडबडीत न्याहारी राहिली. वाडीत हातपाय थरथरायला लागले, सदरा घामाने भिजला. आईने धावत लिंबाचं सरबत आणलं. चांगलं गोडमिट्ट होतं. तरी उतार पडेना, म्हणून दुसरा ग्लास आणला. तोही प्यायलो, तर डोळ्यांपुढे अंधारीच यायला लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सरबतात साखरेऐवजी घालायची ती पांढरी पूड होती. घरात साखर नव्हतीच, आणि तोडलेले चिकू सगळे कच्चे, टणक. मग ती झाडांखाली अक्षरशः रांगली. पिकून गळालेले चिकू शोधून, बोटांनी कुस्करून माझ्या तोंडात भरले. हळूहळू मला तिचा चेहरा दिसायला लागला. पण तिला आठवतात ते फक्त दोन ग्लास.

तलासरीचे डॉक्टर म्हणाले, ती पूड जिभेला गोड लागते, पण रक्तातली साखर उतरली की तिचा काडीचा उपयोग नाही. मीही कमी नव्हतो. साखर नाही म्हणून कपावर कप चहा ढोसायचो, बिनसाखरेची बर्फी हाणायचो. तिच्यातला खवा कोण मोजतो? गोडाची हाव होती तिथेच राहिली, वजन वाढलं. आता गोडच कमी करायचंय, आणि खिशात खऱ्या साखरेची पुडी ठेवायचीय.

डॉक्टरांनी विचारलं, घरातली साखर बंद कोणी केली? आई पटकन म्हणाली, मीच. पूडही मीच आणली डहाणू रोडहून. खरं तर त्या डब्या तू पाठवल्या होत्यास. गणपतीत साखरेचा डबा वर्षाच्या घरी रिकामा केलास तोही तू, माझ्याच काळजीने. तू फोनवर चिडलीस तेव्हा आई हे सांगू शकली असती. पोरगी तिकडे एकटी, मनाला लावून घेईल म्हणाली, आणि फोनवर काही बोलायचं नाही अशी मला शपथ घातली. पत्राचं तिला सुचलं नाही.

शनिवारी ये. माफीबिफी मागू नकोस, नाहीतर मी सांगितल्याचं तिला कळेल. रात्री नुसतं तिच्या शेजारी अंथरूण घाल.

तुझाच,
बाबा