वार्षिक पाठाचा दिवस

बाई,

रत्नागिरीला डी.एड. करताना सराव पाठांसाठी मला तुमचा चौथीचा वर्ग मिळाला, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "मेलीस तू." इतर शिक्षक आमचं पाठाचं टाचण तपासायचे, तक्ते बघायचे. तुम्ही टाचण उलटं करून मांडीवर ठेवायचात आणि मागच्या भिंतीला टेकून माझ्याकडे नाही, मुलांकडे बघत बसायचात. पाठ संपला की एवढंच, "खिडकीकडची रांग झोपली होती गो." तो शेरा ऐकून मी घरी जेवत नसे.

वार्षिक पाठाच्या आदल्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही विळीवर बांगडे कापताय. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते. अशा पाठाला कच्ची मुलं वर्गात ठेवायची नाहीत, ही आम्हा सगळ्यांना ठाऊक असलेली रीत. वर्गशिक्षकच त्यांना काहीतरी काम काढून बाहेर पाठवत. तुमच्या वर्गात अशी तिघं होती. माझं तर सगळंच त्या पाठावर होतं. लोटे गावच्या कंपनीत पाळीवर जाणारा माझा भाऊ फी भरत होता आणि त्याने बजावलं होतं, "चांगली पास झालीस तर नोकरी. नायतर दिवाळीपुढे स्थळं बघायची." म्हणून मी धीर करून म्हटलं, "बाई, त्या तिघांना उद्या बागेत पाठवाल? पाणी घालायला."

"का गो? बाग करपली?"

"तसं नाही, पण परीक्षक..."

"वर्ग म्हणजे निवडून ठेवलेले तांदूळ नव्हेत. नोकरी लागली की यांना कुठे पाठवशील? बारा महिने बागेत?"

मी रडले. तुम्ही हात धुतलेत, चहा टाकलात, मला पाटावर बसवलंत. पण नाही म्हणालात ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्या तिघांतली सगळ्यात कच्ची मुलगी तुम्ही पहिल्या रांगेत बसवलीत. पाठ अपूर्णांकांचा होता. कागदाची घडी घालून अर्धा, मग पाव. बाकीची मुलं भराभर पुढे गेली. तिने कागद फाडला तो एक तुकडा मोठा, एक लहान. मी पुढे जायला हवं होतं. टाचणात अजून उदाहरणं होती, फळ्यावर सारांश लिहायचा होता. पण ती माझ्याकडे बघत होती. मी खाली बसले, तिच्या बोटांवर बोटं ठेवून कडा जुळवल्या. पुन्हा. पुन्हा एकदा. घंटा झाली तेव्हा परीक्षक लिहीत होते आणि फळा अर्धा कोरा होता. बाहेर व्हरांड्यात तुम्ही म्हणालात, "अर्धा आला तिला. पावाचं मी बघते." माझ्या गुणांबद्दल एक शब्द नाही.

पास झाले, पण काठावर. नेमणुका गुणांवर व्हायच्या. मैत्रिणी जूनमध्ये शाळांवर गेल्या. मी लांज्याला काजूच्या कारखान्यात बिया सोलत राहिले. भावाने शब्द पाळला, स्थळ पाहिलं, लग्न लावून दिलं, आणि यादीत उशिरा नंबर लागून नेमणुकीचा आदेश आला तो वेळणेश्वरला, सासरी. सासरे म्हणाले, "जाऊं दे तिला, शिकलीय ती." त्या दिवशी ते दुसरं काही म्हणाले असते तर मी आयुष्यात कधी शिक्षिका झालेच नसते. बाई, हा विचार तुम्ही केला होता का?

पुढे माझ्या वर्गातही डी.एड.ची मुलं सराव पाठाला आली आणि तीच विनंती घेऊन दारात उभी राहिली. मी कुणाचंही ऐकलं नाही. निवृत्तीच्या निरोप समारंभात मी तुमची ही गोष्ट सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिकवायचं कोणाला, ते मला तुमच्याकडून कळलं, असं मी म्हणाले, आणि ते खरंच आहे.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.