सहा आठवड्यांची गोळी

१२ जाने.
पेणहून निघाल्यावर आज वाटेत दोनदा उतरलो. वडखळला एकदा, नागोठणं गेल्यावर परत. कंपनीची बस, आत चाळीस माणसं, सगळ्यांना साडेआठला रोह्याला पंचिंग करायचं असतं. मागून कोणीतरी, "ड्रायव्हर, आज पोचवणार ना?" हसले सगळे. मीपण हसलो.
उतरून उपयोग काय. चार थेंब. आणि ती आग.
दुपारी रोह्याच्या मेडिकलमधून परत तीच गोळ्यांची पट्टी आणली. तिसऱ्यांदा. दोन दिवसांत बरं वाटतं, मग मी बंद करतो, मग पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. बसायच्या जागी आत खोल कोणीतरी लिंबू ठेवल्यासारखं वाटतं. घरी कमरेचं सांगितलंय.

१५ जाने.
काल संक्रांत. सुनंदाने तिळाच्या वड्या केल्या होत्या, बोलली मात्र काही नाही. आज चहा देताना उभ्या उभ्याच म्हणाली, "अहो, बाहेर काय आहे का तुमचं? असेल तर सांगा. मी भांडणार नाय."
मी हसलो. तिला ते फार लागलं. कप उचलून आत गेली.
दिवाळीपासून मी हॉलमध्ये झोपतो. जवळ गेलं की पुढचे दोन दिवस आत निखारा. हे बायकोला कसं सांगायचं? एकोणीस वर्षं झाली लग्नाला, आणि हे एवढं सांगता येत नाही.

१७ जाने.
आज जे झालं ते लिहू का नको. लिहितो.
संध्याकाळी परतताना वडखळला ट्रॅफिक. हायवेचं काम. चाळीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. दोन्ही बाजूंना ट्रेलर, दार उघडून उतरायलासुद्धा जागा नाही. दात आवळून बसलो. मग नाहीच धरवलं.
पँट ओली. सीट ओली. मागे बायका बसलेल्या.
मोकलकाका इंजिनाच्या बाजूच्या सीटवर असतात. कंपनीत फिटर, पुढच्या वर्षी रिटायर. पेणच्या खाडीकडचे, बाप मिठागरात होता. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि अख्खी बाटली माझ्या मांडीवर.
"आरं देवा! धक्का लागला रं. पुरा भिजवला तुला."
धक्का कसला, गाडी उभी होती. मागे सगळे हसले, पण काकांना. "मोकल, दुपारचीच लावली का?" काका म्हणाले, "व्हय, लावली." ते माळकरी आहेत.
पेणला सगळे उतरून गेल्यावर ते थांबले. "माझे थोरले भावाला असाच होता. लाजत रायला बिचारा. तू लाजू नको. बायकोला सांग, मंग डॉक्टर."
स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडलो थोडा.

१७, नंतर
घरी येऊन सांगितलं. सगळं. लघवी, आग, ते लिंबू, हॉलमध्ये का झोपतो ते. पोरगी क्लासला गेली होती.
सुनंदा समोर येऊन बसली. मग म्हणाली, "मी तुमच्या मोबाईलमध्ये बाईचं नाव शोधत होते." आणि रडता रडता हसायला लागली.

२० जाने.
पेणमध्येच डॉक्टर आहेत, मूत्रविकाराचे. आठ वर्षं त्यांच्या पाटीवरून बस नेतोय, वाचली नव्हती.
सुनंदाने घरातल्या सगळ्या अर्धवट पट्ट्या पिशवीत भरून आणल्या. डॉक्टरांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या. कुठे चार गोळ्या उरलेल्या, कुठे सहा. म्हणाले, "तुम्ही जंतूंना मारलं नाहीत हो. व्यायाम दिलात."
तपासणी. कुशीवर वळून गुडघे पोटाशी. लाज गेली ती तिथे कायमची. प्रोस्टेटला सूज. ती ग्रंथी दाबून मग लघवीचा नमुना घेतला, कल्चरला पाठवला.
मी विचारलं, कॅन्सर? म्हणाले, "तसं दिसत नाही. तरी रक्त बघतोय, म्हणजे तुमच्या डोक्यातून जाईल."
सुनंदाने विचारलं, "माझ्यामुळे झालंय का? मला काय होईल का?" मी खाली बघत राहिलो. ते म्हणाले, "नाही ताई. कोणामुळे नाही." बाहेर येऊन ती दोन ग्लास पाणी प्यायली. हे सगळं ती किती दिवस मनात घेऊन फिरत होती कोणास ठाऊक.
दिवसातून किती वेळा लघवीला जातो ते रोज लिहायला सांगितलंय.

२४ जाने. ल. १४
रक्त चांगलं आलं. कल्चरमध्ये जंतू निघाला. मी मेडिकलमधून आणायचो ती गोळी त्याच्यावर चालतच नाही आता, रिपोर्टात त्या नावापुढे लिहिलंय. दुसरी चालते. रोज एक, सहा आठवडे.
सहा आठवडे कशाला? म्हणाले, औषध त्या ग्रंथीत सहज शिरत नाही, आणि जंतू आत कोपऱ्यात दडून बसतात. "बरं वाटलं म्हणून बंद केलीत तर माझ्याकडे येऊ नका." मग लगेच, "म्हणजे या. पण बंद करू नका."
या गोळीने पायाच्या शिरा दुखल्या तर लगेच फोन करायचा, असंही म्हणाले. सुनंदाने कॅलेंडरवर लिहिलं. गोळीच्या आगेमागे दोन तास दुधाचा चहा बंद. हे जास्त अवघड आहे.

३१ जाने. ल. ९
काल रोहा ते पेण एकदाही उतरलो नाही. कोलाडनंतर लक्षात आलं की मी गाणं गुणगुणतोय.

३ फेब्रु. ल. ८
उजव्या टाचेच्या वर ओढल्यासारखं. सकाळी पाय टेकताना कळ. कॅलेंडर दिसतंय मला. पण फोन केला तर ही गोळी बंद करतील. आत्ता कुठे माणसात आलोय. दोन दिवस बघू.

५ फेब्रु.
नागोठण्याच्या पुलाआधी पुढचा टेम्पो अचानक थांबला. ब्रेकवर पाय ठेवला आणि टाचेतून अशी कळ गेली की पाय आपोआप अर्धा वर आला. परत दाबला. टेम्पोच्या फाळक्यात आणि आमच्या काचेत वीतभर अंतर राहिलं.
मागे कोणाला कळलं नाही. काका बघत होते.
कंपनीच्या गेटवर सगळे उतरले. चाळीस माणसं मोजल्यासारखी माझ्यासमोरून गेली. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर.
बस ज्यांची त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. "शेठ, मी संध्याकाळी गाडी चालवणार नाय. दुसरा ड्रायव्हर पाठवा." काय झालं? सांगितलं. औषधाने पाय धरलाय. औषध कशाचं तेही सांगितलं. मग, "बरा कधी होशील?" माहीत नाही म्हटलं. "बघू मग," म्हणाले.
संध्याकाळी माझ्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसून पेणला आलो. मागे किती आदळते गाडी, माहीत नव्हतं.

६ फेब्रु.
डॉक्टर पहिल्यांदा चिडले. "तीन दिवस? शीर तुटली असती तर?" गोळी बंद. जंतूवर चालणारी दुसरी दिली, दिवसातून दोन वेळा. जड वजन, जिने नाही. गाडी तर नाहीच.
सुनंदाने रिक्षा थेट दारापर्यंत आणली. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्ही लपवायचं कधी सोडणार?"

१५ फेब्रु. ल. ८
घरात बसून. नव्या गोळीने मळमळतं. पोरगी बारावीचा अभ्यास करते, मी समोर भाजी निवडतो. तिला आईने सांगितलंय वाटतं, कारण काही विचारत नाही आणि माझ्या खुर्चीवर उशी ठेवून जाते.
काका आले होते, सुके बोंबील घेऊन, स्वतः खात नाहीत तरी. नवा ड्रायव्हर खड्ड्यातून तशीच घालतो म्हणे. "लोका तुझी आठवन काढतान रं." खोटं असेल. बरं वाटलं.

२ मार्च
पाय बराच सुटला. चालत बाजारात जाऊन आलो.
आता हॉलमध्ये झोपत नाही. एवढंच लिहितो.

८ मार्च
शेवटची गोळी. पहिल्यांदाच एखादी पट्टी शेवटपर्यंत रिकामी केली.

१८ मार्च ल. ७
रिपोर्ट आला. जंतू नाहीत. सुनंदाने क्लिनिकमध्येच हात जोडले.
मी म्हटलं, "डॉक्टर, पण दुखतंय अजून. पहिल्यासारखं नाही. पण तासभर बसलो की आत ते आहेच." म्हटलं अजून महिनाभर गोळी द्या.
"नाही."
"मी पूर्ण घेईन ना."
"तुम्ही घ्याल हो. पण मारायचं कोणाला? जंतू सापडत नाहीत." मग समजावून सांगितलं. इतके महिने दुखण्याने खालचे स्नायू आवळून बसलेत, ते सैल करायला शिकावं लागेल. व्यायाम, गरम पाण्यात बसणं, दर तासाला उठणं. कधी पूर्ण जाईल? "काहींचं जातं. काहींचं कमी होऊन राहतं. जंतू परतही येऊ शकतात. खरं ते सांगतोय."
राग आला. गोळी असती तर निदान दिवस मोजता आले असते.

२१ मार्च
रोह्याजवळ मेव्हणीकडे, वरसे गावात. तिच्या शेजारी फिजिओथेरपीच्या बाई आहेत. श्वास खाली सोडायला शिकवतात. मला वाटायचं श्वास घ्यायला शिकवतील. "सगळं धरून ठेवता तुम्ही," म्हणाल्या. सुनंदा खिडकीकडे बघून हसत होती.

२४ मार्च
डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली. शेठ म्हणाले, आठवडाभर चालव, मग ठरवू.
पेणहून निघायच्या आधी उठून मागे तोंड करून उभा राहिलो. म्हटलं, "मला लघवीच्या जागेचा आजार झालाय. उपचार चालू आहेत. रोज खांब गावाला पाच मिनिटं थांबणार, त्यासाठी दहा मिनिटं आधी निघू. कोणाला अडचण असेल तर आत्ता सांगा."
कोणीतरी खोकलं.
खांबला थांबलो. उतरलो, हॉटेलच्या मागे गेलो. परत येतो तर बायकांच्या सीट रिकाम्या. कॅन्टीनच्या म्हात्रेबाई आणि आणखी सात-आठ जणी हॉटेलच्या बाथरूमसमोर ओळीत. म्हात्रेबाई म्हणाल्या, "सहा वर्षं झाली भाऊ. सकाळपासून पाणी पीत नाय आम्ही, गाडी थांबवायला कोण सांगनार म्हणून. दोघींना तर मूतखडा झाला."
"सावकाश होऊ द्या," म्हटलं.
पाचाची बारा मिनिटं झाली. पंचिंगला तीन मिनिटं उशीर. शेठकडे तक्रार जाईल, नाही जाईल.
परतताना कोलाडच्या पुढे आत ते सुरू झालं. बाईंनी सांगितलं तसा श्वास सोडला. थोडं उतरलं, पूर्ण नाही. आवळलेले स्नायू की परत जंतू, मला कळत नाही. काल डॉक्टरांकडे पुन्हा नमुना देऊन आलोय. रिपोर्ट शनिवारी.
सुनंदाने दारातच विचारलं, "दुखतंय?"
"हो," म्हटलं.