वंदना संपायच्या आधी

आई, तू मागून मागून मिळवलेली वाचनाची खोली तीन महिन्यांपासून बंद आहे, आणि कुलूप माझ्यामुळे लागलं.

तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो, तरी ते रविवार आठवतात. वाडीच्या आपल्या बुद्धविहारात वंदना संपते, लोक चपला शोधायला लागतात आणि तू पांढऱ्या साडीचा पदर सावरत उभी राहतेस. "पोरापोरींले अभ्यासाले एक खोली द्या." समितीतले काका हसतात, "झाली बाई, तुमची दुसरी वंदना सुरू." मी मधेच काही बोललो की तू माझा हात दाबायचीस. घरी पोळ्या लाटताना म्हणायचीस, "वंदनेत आवाज नाही करायचा. आपलं म्हणणं दहा मिनिटं थांबलं तर मरत नाही." दोन वर्षं थांबलीस, तेव्हा खोली मिळाली.

आता समितीने ती एका ट्रान्सपोर्टवाल्याला गोदामासाठी द्यायचं ठरवलं. तिथे खिडकीपाशी एक मुलगी भरतीचा अभ्यास करायची. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, तरी तिच्यासमोर पुस्तक उघडून बसायचो. त्यानंतरच्या रविवारी वंदनेत पंचशील चालू असताना मी उठलो, माइक ओढला आणि ओरडलो, "आधी खोलीचं बोला." म्हाताऱ्या बाया जोडलेले हात तसेच धरून बघत राहिल्या. मग पोलीस आले.

वकील म्हणाले, "काहून घाई केली गा? वंदना झाल्यावर गेटबाहेर शांत बसला असता तर कोणी हात लावला नसता. चालू वंदनेत मुद्दाम व्यत्यय आणला की गुन्हा होते. मुद्दा खरा असला तरी." वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते म्हणे. केसचं निमित्त करून समितीने खोलीला कुलूप घातलं. आता ती उघडेल ती गोदाम म्हणूनच. साक्षीदारांत त्या मुलीचंही नाव आहे. तिने जे घडलं तेच सांगितलं. नंतर रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "तुले कोणं सांगतलं होतं माह्यासाठी भांडाले? आता मी कुठं बसू?"

वकिलांना सांगितलं, राग आवरला नाही. तुला तरी खरं सांगतो, नाहीतरी हे पत्र पाठवायला पत्ता कुठे आहे. वंदना संपली की ती मुलगी लगेच निघून जाते. माझं बोलणं तिने ऐकावं, म्हणून मी थांबलो नाही.